पेलेट शेगडी पेटते, पण टिकत नाही? या चुका टाळा

गेल्या जुलैत पहाटे साडेचारला लालबागच्या एका खानावळीतून मावशींचा फोन आला. "दादा, शेगडी पेटतेय, पण दहा मिनिटांत परत विझतेय. साडेसहाला पोह्यांची ऑर्डर आहे, काहीतरी करा." बाहेर धो धो पाऊस. पोहोचलो तेव्हा तिथला पोरगा तिसऱ्यांदा रॉकेल ओतायच्या बेतात होता. आधी त्याच्या हातातला डबा काढून घेतला.

शेगडी विझते तेव्हा आतले गरम पेलेट (भुसा दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या) जळत नसले तरी धुमसत असतात. तो दाट पांढरट धूर म्हणजे न जळालेला गॅसच. त्यावर रॉकेल ओतून पेटती चिंधी टाकली की एकदम भडका उडतो, आणि वाकून बघणाऱ्याचं तोंड नेमकं त्याच्या वर असतं. विझलेली शेगडी पूर्ण थंड होऊ द्या, रिकामी करा, मगच नव्याने पेटवा. पोह्यांना उशीर झाला तर गिऱ्हाईक ओरडेल, तेवढं चालतं.

मावशींनी नव्या ब्लोअरचा, म्हणजे शेगडीत हवा फुंकणाऱ्या पंख्याचा, भावसुद्धा विचारून ठेवला होता. खरा घोळ मोरीशेजारी होता. पेलेटच्या गोण्या थेट लादीवर, भिंतीला टेकवून रचलेल्या. एक पेलेट उचलून दोन बोटांत दाबला. चांगला पेलेट गुळगुळीत, किंचित चकाकणारा असतो आणि कट्टकन मोडतो. हा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा दबला आणि बोटांवर नुसता भुसा राहिला.

चांगल्या पेलेटमध्ये ओलावा साधारण १० टक्क्यांच्या आत असतो. पण पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला भुसाच, मुंबईच्या पावसाळी हवेत तो पाणी ओढून घेतो. ओलावा १५ टक्क्यांवर गेला तर १० किलो पेलेटबरोबर तुम्ही दीड किलो पाणी शेगडीत टाकता. एक किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता जाते. पेटवताना टाकलेल्या चिंध्या-काड्या जळेपर्यंत ज्वाळा दिसते, मग ओल्या पेलेटची वाफ तिला दाबून टाकते. "पेटते पण टिकत नाही" याचं पावसाळ्यातलं कारण बहुतेक वेळा हेच.

म्हणून गोणी लादीवर ठेवूच नका. खाली लाकडी फळी, भिंतीपासून वीतभर अंतर, आणि उघडलेली गोणी झाकणाच्या पत्र्याच्या ड्रममध्ये. जून ते सप्टेंबर आठवड्यापुरताच माल घ्या, स्वस्त मिळाला म्हणून महिन्याचा भरू नका. शंका असेल तर मूठभर पेलेट काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी ऊन किंवा ऊब लागेल अशी ठेवा. काचेला आतून दव धरलं तर माल ओला आहे. नुसता सर्दावलेला पेलेट उन्हात वाळतो, पण फुगून भुसा झालेला गेलाच. आणि कृपा करून गोणी पेटत्या शेगडीला टेकवून वाळवू नका.

त्या दिवशी शोधून एक कोरडी गोणी सापडली आणि शेगडी पेटली. तरी ज्वाळा पिवळी, आळशी. शेगडी थंड झाल्यावर पेलेटखालची हवेची जाळी काढून ट्यूबलाइटसमोर धरली तर निम्म्या भोकांतून उजेडच येत नव्हता. भाताच्या तुसाच्या किंवा इतर शेतमालाच्या पेलेटमध्ये राख जास्त असते, आणि तापून वितळली की तिचे काचेसारखे टणक खडे होतात. वरवर राख झटकून ते निघत नाहीत. सायकलच्या स्पोकने एकेक भोक मोकळं करा, रोज, जाळी थंड असताना. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, प्लास्टिकच्या बादलीत नको. राखेखालचा निखारा कित्येक तास जिवंत राहतो.

हवेच्या बाबतीत लोक दोन्ही टोकं गाठतात. शेगडी धुमसली की ब्लोअरचा रेग्युलेटर फुल्ल करतात. नुकत्या धरलेल्या आगीवर थंड हवेचा झोत आला की ती विझते. सुरुवातीला हवा कमी ठेवा, पेलेटचा वरचा थर लाल झाला की हळूहळू वाढवा. दुसरीकडे, ब्लोअर जोरात आवाज करतो पण हवा देत नाही. चपात्या लाटतात त्या खोलीत कणकेची धूळ आणि तेलाची वाफ मिळून पात्यांवर चिकट थर बसतो. प्लग काढून तो थर सुरीने खरवडा. मोटर नुकतीच रिवाइंड करून आणली असेल तर फिरण्याची दिशाही बघा. गोल डब्यात चाक फिरणारा (सेंट्रिफ्युगल) ब्लोअर उलटा फिरला तरी हवा बाहेरच फेकतो, फक्त बरीच कमी, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

आणि टोप! मोठा टोप थेट शेगडीच्या तोंडावर बसवला तर जळालेली हवा जाणार कुठून? स्टँडवर ठेवा, निदान दोन बोटं फट राहू द्या.

हॉपर (वरची पेलेटची टाकी) आणि स्क्रू (फिरून पेलेट आगीकडे ढकलणारा दांडा) असलेल्या शेगडीत आणखी एक फसवणूक होते. वरून हॉपर भरलेला दिसतो, पण भुशामुळे पेलेट एकमेकांत अडकून कमान धरतात आणि खाली स्क्रू रिकामाच फिरतो. पेलेट चाळून भरा. अडकले तर आधी वीज बंद करा, मग काठीने मोकळे करा, हात घालू नका. ज्वाळा ओळखणारा सेन्सर असेल तर त्याची काच कोरड्या फडक्याने पुसा. काजळी धरली की मशीनला आग दिसत नाही आणि ते स्वतःच पेलेट बंद करतं.

एका गोष्टीसाठी मात्र मी भांडतोही. पाऊस आत येतो म्हणून गाळ्याचं शटर पूर्ण ओढायचं आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवायचा, असं बऱ्याच ठिकाणी करतात. मग फॅन शेगडीची हवा पळवतो, चिमणीतला धूर उलटा आत ओढतो आणि आग गुदमरते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणं, आणि आपल्याकडे ती "झोप झाली नाही" म्हणून झटकली जातात. असं वाटलं की सगळ्यांना लगेच बाहेर मोकळ्या हवेत काढा, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा. कामाची पोरं त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतात, आणि गरम धूर वरच चढतो. रात्री धुमसती शेगडी आत ठेवून कोणालाही वर झोपायला पाठवू नका.

मावशींकडे आता पत्र्याचे दोन ड्रम आहेत. रात्री पोरगा शेगडी रिकामी करतो, निखाऱ्यांचा डबा झाकण लावून बाहेर दगडी पायरीवर ठेवतो, आणि मगच पोटमाळ्याची शिडी चढतो.