लिनक्सवर विनातक्रार चालणारे नेटवर्क कार्ड कसे निवडावे

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले की बाकी सगळे सुरळीत होते आणि घोडे अडते ते वायफायपाशी. म्हापशात किंवा मडगावात दुकानात गेलात तर 'लिनक्सवर चालेल का?' असे विचारू नका. 'चालेल हो, न चालायला काय झालं!' असेच उत्तर मिळते. 'आत चिप कुठली?' हे विचारा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) असतो तो चिपसाठी, खोक्यावरच्या नावासाठी नव्हे.

टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या यूएसबी अडॅप्टरचेच बघा. पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची एआर९२७१ चिप होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे आणि फर्मवेअर, म्हणजे खुद्द चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, तोही मुक्तस्रोत. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली, नाव मात्र तेच राहिले. तेव्हा खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत आवृत्ती कुठली छापली आहे, ते वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

सध्या यंत्रात काय आहे हे कळायला टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएनके' पर्यायासह द्या (अर्थात इंग्रजी छोट्या लिपीत: lspci -nnk). यूएसबी अडॅप्टर असेल तर 'एलएसयूएसबी' (lsusb). कार्डाच्या नावाशेजारी कोलनने जोडलेले दोन क्रमांक दिसतील. पहिला बनवणाऱ्या कंपनीचा, उदाहरणार्थ इंटेलचा ८०८६. दुसरा त्या उपकरणाचा. एलएसपीसीआय त्याखाली वापरात असलेला ड्रायव्हरही दाखवते. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. नेटवर शोधताना हीच क्रमांकांची जोडी टाका, मॉडेलचे नाव टाकून गोंधळच वाढतो.

आता खरेदी. लॅपटॉपात एम.२ खाच (छोटे कार्ड आत बसवायची जागा) असेल तर इंटेल एएक्स२१० डोळे झाकून घ्यावे, कर्नल ५.१० पासून ते चालते. फर्मवेअर बंदिस्त आहे, पण लिनक्सची बहुतेक वितरणे (डेबियनसारख्या तयार आवृत्त्या) ते सोबत देतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ स्वस्तात दिसली तरी भुलू नका: ती इंटेलच्याच ठरावीक यंत्रांत चालतात, एएमडीवर नाहीत. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) अनोळखी कार्ड नाकारते, तेही आधी तपासा.

यूएसबीच हवे असेल तर मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप (कर्नल ४.१९ पासून) किंवा एमटी७९२१एयू (५.१८ पासून) बघा. रिअलटेकचे अलीकडे बरेच सुधारले आहे, पण त्यांच्या अनेक यूएसबी चिपांना जुन्या कर्नलवर बाहेरून ड्रायव्हर आणून बांधावा (कंपाइल करावा) लागतो. कर्नल अद्ययावत झाला की पुन्हा तोच खटाटोप. दोनचारशे रुपये वाचवायला ही कटकट कोणी विकत घ्यावी?

तारेच्या जोडणीत एवढी डोकेदुखी नाही. रिअलटेक आरटीएल८१११ किंवा इंटेल आय२१०, दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत. सत्तरी-पेडण्याकडच्या जुन्या घरांत चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत दमतो. तिथे महागड्या कार्डापेक्षा राउटरपासून ओढलेली केबल बरी.

दुकानदार ओळखीचा असला तर लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करताच चालते) घेऊन जा आणि कार्ड तिथेच लावून बघा. वायफायची यादी आली नाही तर 'डीमेसेज' (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवून 'फर्मवेअर' (firmware) शब्द असलेली ओळ शोधा. फाइल सापडली नाही असे ती म्हणत असेल तर कार्डात खोट नाही, फक्त फर्मवेअरचे पॅकेज कमी आहे. डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरसोबतच येते.