सोलर फ्लेअरचं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

बेळगाव, निपाणीकडं फायनल इयरला सोलर फ्लेअर (सूर्यावरचा स्फोट) आधीच ओळखणाऱ्या मशीन लर्निंग मॉडेलचा प्रोजेक्ट घेतला असेल तर आधी एक ऐका, अ‍ॅक्युरसी ९८ टक्के आली म्हणून लगेच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका. हजार सॅम्पलमध्ये फ्लेअर वीसच असले तर सगळ्यांना 'नाही' म्हणणारं मॉडेलपण ९८ च काढतंय. आपल्याकडं जानेवारीत रोज 'आज पाऊस नाही' म्हणणारा बरोबरच ठरतो की, त्याला कोण हवामानवाला म्हणतंय? टीएसएस (ट्रू स्किल स्टॅटिस्टिक) काढा: खऱ्या फ्लेअरपैकी किती टक्के पकडले, त्यातनं शांत सॅम्पलपैकी किती टक्क्यांना उगाच इशारा दिला ते वजा. त्या ९८ वाल्याचा शून्य येतो, बघा करून.

पण खरी गोची स्प्लिटमध्ये, म्हणजे डेटा शिकवायला (ट्रेन) आणि तपासायला (टेस्ट) वाटण्यात असते. एसडीओ या सूर्य बघणाऱ्या उपग्रहाचा शार्प डेटा (सूर्यावरच्या डागांच्या समूहांची चुंबकीय मोजणी) दर १२ मिनिटांनी येतो आणि एकच डागांचा समूह आपल्याला जवळपास दोन आठवडे दिसू शकतो, मग रँडम स्प्लिट मारला की त्याच समूहाची १०:०० ची रो ट्रेनमध्ये, १०:१२ ची टेस्टमध्ये, आकडे जवळजवळ तेच, मॉडेल शिकत काही नाही, नुसतं ओळख दाखवतंय. हार्प नंबर (शार्पमध्ये प्रत्येक समूहाला दिलेला) धरून ग्रुप करा नाहीतर वर्षांनी तोडा. वर्षांनी तोडताना पण बघून हं, २०१८-१९ टेस्टला ठेवलं तर त्यात एम क्लासचे (मोठे; त्याहून मोठे ते एक्स) फ्लेअर जवळजवळ नाहीतच, सूर्य झोपलेला होता, मोजणार काय? स्केलिंग (आकडे एका मापात आणणं) आणि स्मोट (कमी असलेल्या फ्लेअरचे कृत्रिम नमुने वाढवणं) स्प्लिटनंतर, फक्त ट्रेनवर.

लेबलमध्ये एक जुनी भानगड आहे. फ्लेअरचा क्लास गोज उपग्रहांनी मोजलेल्या एक्स-रेवरनं ठरतो; गोज-८ ते गोज-१५ च्या ऑपरेशनल एक्स-रे आकड्यांना ०.७ चा फॅक्टर लावलेला असायचा, गोज-१६ पासून तो गेला. म्हणजे तेव्हाचा एम७ हा आत्ताचा एक्स१! जुने आकडे ०.७ नं भागून घ्या, पण रीप्रोसेस केलेली फाइल असेल तर परत भागू नका, त्यात ते आधीच केलेलं असतंय.

फ्लेअरच्या लिस्टमध्ये काहींच्या पुढं अ‍ॅक्टिव्ह रिजनचा (डागांच्या समूहाचा) नंबर रिकामा असतो, तसंच शार्पला जॉइन केलं तर पेटलेला डाग 'शांत' म्हणून बसतो. सूर्यबिंबाच्या मध्यापासून ७० अंशांच्या पलीकडचे कडेचे डाग सरळ काढा, तिथं चुंबकीय मोजणी गंडते.

आणि खानापूर साइडला पावसात नेट रडत असेल तर ४०९६ बाय ४०९६ च्या इमेजा ओढत बसू नका, शार्पचे नुसते कीवर्डचे आकडे (प्रत्येक समूहाचे आधीच काढून ठेवलेले) घ्या, साध्या मॉडेलला तेवढे पुरतात.