आर्टेमियासाठी भाताचा कोंडा : डिसेंबर ते मे या काळातील खाद्य व्यवस्थापन

पावसाचे गोडे पाणी ओसरून खाडीची क्षारता पुन्हा वाढू लागली की, म्हणजे साधारण डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत, कोकण किनाऱ्यावर टाक्यांमध्ये आर्टेमिया, म्हणजे माशांना जिवंत खाद्य म्हणून दिला जाणारा खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखा लहान जीव, वाढवण्यास चांगला काळ मिळतो. कोळंबी आणि शोभिवंत माशांचे बीज वाढवणारे बहुतेक संवर्धक आर्टेमियाची सुप्त अंडी, म्हणजेच सिस्ट, उबवून निघालेली पिल्ले लगेच खाऊ घालतात. तीच पिल्ले सुमारे दोन आठवडे वाढवली तर 8 ते 10 मिलिमीटर लांबीचे प्रौढ जीव मिळतात आणि ते मोठ्या माशांना देता येतात. शैवाल वाढवण्याची सोय नसलेल्यांना या वाढीसाठी भाताचा कोंडा पुरेसा ठरतो. मात्र तो कसा तयार करायचा, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही आणि टाक्या बिघडतात त्या बहुधा तेथेच.

आर्टेमिया पाण्यातील कण गाळून खातो. खाद्याची चव किंवा प्रकार तो पाहत नाही. कण सुमारे 50 मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असला की गिळतो. त्याहून जाड कोंडा तळाशी बसून कुजतो. म्हणून कोंडा मिठाच्या पाण्यात, एका लिटरला सुमारे 50 ग्रॅम या बेताने, मिक्सरमध्ये चांगला घुसळावा, 50 ते 60 मायक्रॉन जाळीच्या पिशवीतून पिळून घ्यावा आणि पिशवीत उरलेला चोथा टाकून द्यावा. साधे मलमलचे कापड या कामी पुरत नाही. गिरणीतून कोंडा बाहेर पडताच त्यातील तेल खवट होण्यास सुरुवात होते, त्यामुळे तेल काढलेला कोंडा मिळाल्यास तोच घ्यावा. ताजाच वापरायचा असेल, तर त्याच दिवशी वाफवून, वाळवून हवाबंद डब्यात ठेवावा. खवट वास येणारा कोंडा टाकीत घालू नये.

कोंड्यात प्रथिने जेमतेम 12 ते 15 टक्के असतात, म्हणून त्याच्या जोडीला उष्णता दिलेल्या सोयाबीन पेंडीची बारीक पूड थोडी मिसळता येते. पेंडीचे प्रमाण मात्र कमीच ठेवावे, कारण तिच्यातील विरघळलेल्या प्रथिनांमुळे पाण्यावर फेस येतो आणि ते लवकर नासते. परवडत असल्यास काढणीच्या आदल्या दिवशी स्पिरुलिना या सूक्ष्म शैवालाची पूड द्यावी.

सिस्टमधून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचे तोंड बंद असते. सुमारे 8 तासांनी कात टाकल्यावरच ते खाऊ लागते, तोवर खाद्य घालणे म्हणजे पाणी खराब करणे होय. पुढे खाद्याची मात्रा वजनावर न ठरवता पाण्याच्या पारदर्शकतेवर ठरवावी. पांढरी तबकडी बांधलेली काठी पाण्यात बुडवल्यावर तबकडी 15 ते 20 सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली, तर खाद्य बेताचे आहे. त्याहून खोलवर दिसत राहिली, तर आणखी द्यावे. दिवसभराचे खाद्य एकदम न ओतता थोडे थोडे, अनेकदा घालावे. काही जीव काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरावेत: पाठीकडून शेपटीपर्यंत गडद रेघ सलग दिसली, तर पोट भरलेले आहे.

टाकीचे तापमान 25 ते 28 अंश सेल्सिअस, क्षारता 35 ते 45 पीपीटी (हजार भागांत इतके भाग क्षार) आणि एअर पंप अखंड चालू ठेवावा. एप्रिल-मेच्या उन्हात बाष्पीभवनाने क्षारता झपाट्याने चढते, तेव्हा गोडे पाणी घालून ती पूर्ववत करावी. जीव लालसर दिसू लागले, तर प्राणवायू कमी पडत आहे असे समजून खाद्य लगेच थांबवावे आणि तळाचा गाळ काढावा.

जिताड्यासारख्या सागरी माशांच्या पिल्लांना केवळ कोंड्यावर वाढलेला आर्टेमिया देऊ नये. त्यात ईपीए व डीएचए ही मेदाम्ले फारच कमी असतात. अशा पिल्लांसाठी काढणीनंतर तो काही तास मेदयुक्त इमल्शनमध्ये ठेवावा लागतो. गोल्डफिश किंवा गप्पीसारख्या गोड्या पाण्यातील माशांना ही अडचण सहसा येत नाही.

बाजारात मिळणारी सिस्ट बहुधा परदेशी जातीची असतात. ही जात भारतातील मिठागरांमध्ये पसरून स्थानिक आर्टेमियाची जागा घेत आहे. म्हणून टाकीतील पाणी बारीक जाळीतून गाळल्याशिवाय खाडीत किंवा मिठागराच्या पाटात सोडू नये, आणि जाळीवर उरलेली सिस्ट व जीव उकळत्या पाण्याने नष्ट करावेत.