दिवाळीचा किल्ला करताय? या चुका टाळा

दसरा झाला की आमच्या सोसायटीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यंदा मुलांना किल्ला करायला लावायचा, तेवढाच इतिहासही होईल." आणि धनत्रयोदशीच्या दुपारी तेच आईबाप डिकीतून प्लास्टरचा तयार किल्ला उतरवताना दिसतात. तयार किल्ल्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. शोपीस आहे, टीव्हीशेजारी ठेवा. बाकीच्यांसाठी लिहितो, कारण दरवर्षी पोरांबरोबर चिखलात हात घालून त्याच त्या चुका बघायचा आता कंटाळा आलाय.

पहिली चूक म्हणजे किल्ल्याला नावच नसणं. डोंगर, चार बुरूज, वर सिंहासनावर महाराज. कुठला हो हा? "असाच, शिवाजी महाराजांचा." अहो, राज्याभिषेक रायगडावर झाला, 6 जून 1674 ला. चहूबाजूंनी निळी रांगोळी घालून सिंधुदुर्ग करायचा आणि मध्ये सिंहासन मांडायचं, मग पोराच्या डोक्यात काय राहणार? 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातला एक निवडा. नवख्यांना मी लोहगड सांगतो. विंचूकाटा ही त्याची माची, म्हणजे डोंगराची पुढे आलेली लांब सोंड, पाच वर्षांचं पोरही हाताने ओढून काढतं आणि पुण्याहून लोकलने मळवलीला उतरून खरा विंचूकाटा बघून येता येतो. पण घाई असलेल्यांना पहिल्याच वर्षी राजगड हवा असतो.

आम्हीही केला होता राजगड. पद्मावती आणि सुवेळा माची पोरांनी झकास जमवल्या, तिसरी संजीवनी माची मात्र गांडुळासारखी वळवळली. दुसऱ्या दिवशी स्पर्धेचे परीक्षक येणार होते. रात्री अकराला पोरं झोपल्यावर मी थापी घेऊन खाली उतरलो, माची मोडली आणि नव्याने उभी केली. दुहेरी तटबंदी, चिलखती बुरूज (बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचं कवच), सगळं अगदी फोटोबरहुकूम. सकाळी मुलगा खाली आला, बघितलं, "छान झालंय, बाबा" म्हणाला आणि क्रिकेट खेळायला गेला. बाकीची पोरंही त्याच्या मागे. परीक्षकांनी त्यांना बोलावून विचारलं, इथे दोन भिंती का रे? एकाने माझ्याकडे बोट दाखवलं, "त्या काकांना विचारा, त्यांनी केलंय." बाहेरची भिंत पडली तरी शत्रू दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात अडकतो, हे पोरांनी भिंत रचता रचता ओळखलं असतं. ती संधी मी रात्रीतून खाल्ली. बक्षीस मिळालं. ते माझ्या कपाटात आहे, पोराने त्याला हातही लावला नाही.

तेव्हापासून माझी सवय एकच. मातीच्या पाट्या उचलायच्या, पाणी आणून द्यायचं आणि बाकी वेळ हात मागे बांधून प्रश्न विचारायचे. माची वाकडी तर वाकडी.

दुसरी माझी खास चिडायची जागा म्हणजे कारंजं. एका वर्षी एका हौशी बाबांनी किल्ल्यात मोटर बसवली. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळपर्यंत अर्धा डोंगर पायरीवर वाहून आला होता. आणि त्या किल्ल्यावर प्यायच्या पाण्याची सोय कुठेच नव्हती! गडावर शेकडो माणसं राहायची, नदी खाली, पाऊस चार महिने. मग प्यायचे काय? हा प्रश्न पोरांना विचारा आणि गप्प बसा. उत्तर आलं की चमच्याने टाकं, म्हणजे पाणी साठवायचा खोदीव हौद, खणायला द्या आणि निघालेली माती तटाला लावायला सांगा. टाकं खोदताना निघालेला दगड गडाच्या बांधकामाला वापरत, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. टाक्याच्या तळाला प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर पाणी मुरून तट खचेल.

दरवाजा डोंगराच्या ऐन मधोमध, कमानीवर झेंडूची माळ, असाही एक प्रकार असतो. पोराला दोन बोटांनी मावळा चालवत दरवाजापर्यंत न्यायला सांगा. सरळ पोहोचला, तर शत्रूही पोहोचेल. दोन बुरुजांच्या आड वळणात दरवाजा लपवला की गोमुखी रचना पोराला हातानेच कळते.

माती तडकते कारण तुम्ही एकदम जाड थर देता. लाल माती चाळून घ्या, विटा-दगडांवर मातीच्या काल्यात बुडवलेलं गोणपाट अंथरा आणि दोन पातळ हात द्या, मध्ये एक दिवस जाऊ द्या. हळीव आदल्या रात्री पेरून सकाळी हिरवळ येत नाही. चार-पाच दिवस आधी पेरा, कोंब फुटेपर्यंत ओलं फडकं झाका. मावळा दरवाजातून आत जात नसेल तर दरवाजा मोठा करा. प्लास्टिकचा डायनासोर आला तर येऊ द्या, त्यावरून भांडू नका. सनावळ्या मात्र पाठ करून घेऊ नका. पोराने स्वतः विचारली तेवढीच सांगा.

दिवाळी संपली की लोक किल्ला खोऱ्याने भरून कचऱ्यात टाकतात. आमच्याकडे तुळशीच्या लग्नानंतर गोट्यांनी वेढा पडतो. सहा पावलांवरून, प्रत्येकाला पाच गोट्या. त्या राजगडाची माझी सुबक संजीवनी पहिल्या दोन गोट्यांत पडली. पोरांनी रचलेला पद्मावतीचा वाकडातिकडा तट शेवटपर्यंत उभा होता.