हवामान धोरणाचा माग: मंत्रालयापासून हेस्कॉमपर्यंत

शेतीपंपाला दिवसा थ्री फेज वीज कधी मिळणार, हे निपाणी, चिकोडी किंवा खानापूरचा शेतकरी हेस्कॉम या वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात विचारतो; पण उत्तर तिथे ठरत नाही, हवामान धोरणाचा असा निर्णय मंत्रालयापासून साखळीने खाली येतो. केंद्राने २०१९ मध्ये सुरू केलेल्या पीएम-कुसुम योजनेत शेतीपंपांचे फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या) सौर विजेवर आणण्याचा एक भाग आहे. त्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्लीतील नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय काढते, राज्याचा ऊर्जा विभाग वीज कंपन्यांवर काम सोपवतो आणि बेळगावसह सात जिल्ह्यांत वीजपुरवठा करणारी हेस्कॉम ते आपल्या भागात राबवते. पुराच्या बाबतीत साखळी वेगळी आहे. तिथे महसूल विभाग आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील जिल्हा प्राधिकरण पाहावे.

अशा निर्णयाचा माग काढताना प्रथम लेखी आदेश मिळवावा, कारण सभेतील घोषणेने कोणत्याही महामंडळावर बंधन येत नाही. कर्नाटकाचा शासकीय आदेश कन्नडमध्ये असला तरी त्याची ठेवण एकदा ओळखीची झाली की वाचणे अवघड जात नाही. वर ‘ओदलागिदे’ (वाचले आहे) या शब्दाखाली आधीच्या पत्रांचे क्रमांक असतात, मग ‘प्रस्तावने’मध्ये कारणे, त्यानंतर प्रत्यक्ष आदेश आणि शेवटी प्रती कोणाकोणाला पाठवल्या त्यांची यादी. माझ्या मते ही शेवटची यादी सर्वांत आधी वाचावी; आपले कार्यालय तिच्यात नसेल, तर त्याच्यासाठी वेगळे परिपत्रक निघाले आहे का, हे विचारावे. आदेशाला अर्थ विभागाची संमती आहे का, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातील खर्चाच्या खात्यात) टाकला आहे, हेही तपासावे. पैशाची तरतूद नसलेला आदेश बहुधा फायलीतच राहतो.

वीजदराचा प्रश्न आला की मंत्र्यांचा अधिकार थेट चालत नाही. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, आणि वीज कायदा २००३ च्या कलम १०८ नुसार सरकार त्याला सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत निर्देश देऊ शकते, तेही लेखीच. म्हणून अशा निर्देशाची प्रत मागावी.

प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. येथे आपल्या मराठी माणसांची एक अडचण होते: कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, त्यामुळे बेळगावात मराठी अर्ज परत येऊ शकतो. गाऱ्हाण्याचे निवेदन मात्र राज्यघटनेच्या कलम ३५० मुळे मराठीतून देण्याचा आपला हक्क आहे, आणि तो सोडू नये. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ‘योजनेची माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता आदेशाचा क्रमांक, तारीख, फीडरचे नाव आणि हेस्कॉमने ऊर्जा विभागाला पाठवलेला शेवटचा प्रगती अहवाल, एवढेच मागावे.