नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरात लेमिंग, व्होल, चिचुंद्र्या कुठे शोधायच्या

स्कॅंडिनेव्हियाच्या डोंगरात कुठला छोटा प्राणी कुठे राहतो हे बघायचं असेल तर नुसती उंची मोजत बसू नका, हिवाळ्यात बर्फ कुठे साचतो आणि त्याखाली खायला काय आहे ते आधी बघा. बर्फाचा जाड थर असला की जमिनीलगत पोकळी राहते, वर कडाक्याची थंडी असली तरी तिथलं तापमान शून्याच्या आसपासच असतं. लेमिंग आणि व्होल (दोन्ही उंदरासारखे छोटे कुरतडणारे प्राणी) हिवाळाभर झोपत नाहीत, तिथेच बोगदे करून खात असतात, लेमिंगला तर बर्फाखाली पिल्लंही होतात.

म्हणून जायचं ते बर्फ वितळल्या वितळल्या, एकदा गवत वाढलं की खुणा झाकल्या जातात. बर्चच्या जंगलातून सुरुवात करून वर चढत जा. जंगलात बँक व्होल, दगडगोट्यांत आणि बिलबेरीच्या झुडपांत राखाडी बाजूंचा व्होल (grey-sided vole), ओल्या कुरणात आणि विलोच्या झुडपांत रूट व्होल, असं साधारण असतं. त्याच्या वर जिथे बर्फ उशिरापर्यंत टिकतो त्या खोलगट जागा नीट बघा, वाळक्या गवताचं गोल घरटं, बाजूला लेंड्यांचे ढीग आणि मॉस (जमिनीवरचं शेवाळासारखं हिरवं) खरवडून खाल्लेलं दिसलं तर तिथे हिवाळ्यात लेमिंग होते असं समजा.

घुबडाने ओकलेल्या गोळ्या तर अजिबात सोडू नका!! गोळी पाण्यात भिजवून चिमट्याने हळूच उकला, आतली जबड्याची हाडं भिंगाखाली धरा. दाढांवर नागमोडी त्रिकोण दिसले तर व्होल किंवा लेमिंग, दातांची टोकं लालसर असली तर चिचुंद्री. फक्त घुबड लांबवर शिकार करतं, त्यामुळे गोळी सापडली त्याच जागेवर प्राण्याची नोंद करू नका.

हातमोजे आणि मास्क हवाच, बँक व्होलच्या लेंड्यांच्या धुळीतून माणसाला आजारी पाडणारा पुमाला व्हायरस पसरतो. आणि पिंजरे परवानगीशिवाय लावू नका प्लीज, चिचुंद्रीला दर थोड्या वेळाने खायला लागतं, अडकली की काही तासांत उपाशी मरते.

एका वर्षाच्या नोंदीवरून नकाशा करू नका. लेमिंगची संख्या साधारण 3 ते 5 वर्षांनी एकदम वाढते आणि मग कोसळते, आणि हिवाळ्यात मधेच बर्फ वितळून परत गोठला तर मॉसवर बर्फाचं कवच बसतं, खायला मिळत नाही आणि ती वाढही होत नाही. त्यामुळे त्याच वाटेने दरवर्षी त्याच सुमारास जा, आणि काहीच सापडलं नाही तर तेही तारखेसकट लिहा.