घोड्यावरून न उतरता उघडता-मिटता येईल असं शेताचं फाटक

आपल्या बेळगावकडे चिकोडी, रायबाग, अथणी भागात घोडागाडीच्या शर्यतीसाठी घोडी पाळणारे कमी नाहीत. खानापूर-जांबोटीकडे हौसेने एखादं तट्टू ठेवणारेही सापडतात. जनावरावर खर्च होतो, खोगीर-लगामावर होतो, मळ्याच्या तोंडाला मात्र तीच साखळी, तोच आकडा, नाहीतर चार काटेरी तारा गुंडाळलेला बांबू. रोज उतरायचं, एका हातात लगाम धरून दुसऱ्या हाताने गाठ सोडायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा चढायचं. हे टाळता येतं, आणि त्यासाठी मोटरवर चालणारं गेट लागत नाही. एक पाईपचं फाटक, एक लांब दांडा आणि बरोबर कल दिलेल्या दोन बिजागऱ्या एवढ्यात काम होतं.

सुरुवातीलाच एक सांगतो. ट्रॅक्टरचं आणि घोड्याचं फाटक एकच करू नका. उसाच्या दोन ट्रॉल्या वळायला १४-१६ फूट लागतात, आणि एवढं लांब फाटक घोड्यावर बसून एका हाताने कोणी सांभाळू शकत नाही. मोठं गेट गाळप हंगामासाठी ठेवा, शेजारी साडेपाच फुटी लहान फाटक करा. ब्रिटनमधल्या घोडेवाटांवर फाटकाची किमान रुंदी १.५२५ मीटर, म्हणजे पाच फूट धरतात. मी अर्धा फूट वाढवतो, कारण आपल्याकडे खोगिराला वैरणीची पिशवी नाहीतर विळा-खुरपं लटकलेलं असतंच. आणि पाणंद गावनकाशात सरकारी असेल तर तिच्यावर फाटक घालायच्या भानगडीत पडू नका. भावकीत एक वाद वाढेल, बाकी काही नाही.

जागा

फाटकाच्या दोन्ही अंगांना सपाट जमीन हवी. खटक्याच्या खांबापलीकडे, म्हणजे फाटक मिटून ज्या खांबाला अडकतं त्याच्या पलीकडे, कुंपणाला लागून निदान सहा फूट मोकळी जागा सोडा. घोडं फाटकाला समांतर उभं राहिलं की त्याची मान आणि छाती त्या खांबाच्या पुढे जाते. तिथे बाभळ असेल, विजेचा खांब असेल किंवा चर असेल तर घोडं तिरकं उभं राहतं, आणि तिरक्या घोड्यावरून खटक्यापर्यंत हात पोहोचत नाही. या सहा फुटांत काटेरी तार अजिबात नको, साधे आडवे पाईप लावा.

डुकरं आणि गवे यांच्यासाठी कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन लावलं असेल तर तिची तार फाटकावरून नेऊ नका. पीव्हीसी पाईपमधून जमिनीखालून पलीकडे काढा. एकदा झटका बसलेलं घोडं त्या फाटकाजवळ पुढे महिनोन्महिने जात नाही.

खांब

खांब चार इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपचे घ्या. तांबड्या आणि जांभ्याच्या जमिनीत तीन फूट खोल खड्डा आणि काँक्रीट पुरतं. काळ्या मातीत पुरत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, आणि दोन खांब आपापल्या दिशेला झुकतात. म्हणून काळ्या रानात खड्डा चार फूट घ्या, आणि जमिनीखाली फूटभर खोलीवर दोन्ही खांबांना जोडणारा एक आडवा लोखंडी चॅनेल वेल्ड करून गाडून टाका. मग झुकले तरी दोघं एकत्र झुकतात, मधलं अंतर तेच राहतं. यावर गवंडी हसेल, हसू द्या.

चौकट

चार फूट उंच, दीड इंची पाईप. तळाशी जमिनीपासून सहा इंच मोकळं. वासरं-शेळ्या असतील तर खालच्या अर्ध्या भागाला जाळी. तिरका पाईप खालच्या बिजागरीकडून वरच्या खटक्याच्या कोपऱ्याकडे जायला हवा. बहुतेक फॅब्रिकेशनवाले तो उलटा लावतात आणि वर "काही फरक पडत नाही" म्हणतात. पडतो. ताणाची तार लावायची असेल तर ती उलट्या दिशेने, म्हणजे वरच्या बिजागरीकडून खालच्या खटक्याच्या कोपऱ्याकडे. पाईप दाब घेतो, तार ओढ घेते.

वेल्डर कन्नड बोलणारा असो की मराठी, तोंडी काही सांगू नका. त्याच्या दुकानाच्या फरशीवर खडूने पूर्ण मापात चित्र काढून द्या आणि बिजागऱ्यांची बाजू खुणेने दाखवा.

बिजागरी आणि कल

इथे बहुतेक लोक हरतात, म्हणून सावकाश वाचा.

फाटक दोन्ही बाजूंना उघडलं पाहिजे. ते एकाच बाजूला उघडत असेल तर एका दिशेने जाताना ढकलायचं आणि परत येताना स्वतःकडे ओढायचं. ओढताना घोड्याला मागे सरकावं लागतं, आणि साधं शेतावरचं घोडं मागे सरकायला कंटाळा करतं. दोन्हीकडे उघडणारं फाटक नेहमी ढकलायचं असतं. दाराची पट्टी-बिजागरी इथे चालत नाही. खांबावर उभी पिन आणि फाटकावर कडी, अशीच जोडी घ्या. कडीच्या दांड्याला आटे पाडून दोन्ही बाजूंना नट हवेत, म्हणजे पुढे कधीही ती आत-बाहेर करता येते. पिना आणि कड्या बेळगावात उद्यमबागेत कुठल्याही लेथवर करून मिळतात. खालच्या कडीखाली पितळी वॉशर घाला, सगळं वजन तिथे येतं. वरची पिन तोंड खाली करून लावा, म्हणजे फाटक उचलून कोणी नेणार नाही.

आता कल. फाटक सोडलं की आपोआप मध्यावर येऊन मिटायला हवं, आणि त्यासाठी स्प्रिंग, पुली, वजनाचा दगड यातलं काहीच लागत नाही. वरची पिन खालच्या पिनेपेक्षा खटक्याच्या खांबाच्या दिशेने अर्धा इंच पुढे काढा. त्याने फिरण्याचा आस खटक्याकडे थोडासा झुकतो, आणि फाटकाची सर्वांत खालची जागा बरोबर मिटल्यावरची ठरते. कुठल्याही बाजूला ढकला, त्याचं टोक वर चढतं आणि सोडलं की उतरत परत येतं.

हिशेब सोपा आहे. दोन बिजागऱ्यांत तीन फूट अंतर, पिनांमध्ये अर्ध्या इंचाचा फरक आणि फाटक साडेपाच फुटी असेल तर काटकोनात उघडल्यावर टोक जवळपास एक इंच वर जातं. फरक एक इंच केला तर पावणेदोन इंचांच्या वर. एवढ्याशा उंचीने फाटक परत येतं का, असं सगळे विचारतात. येतं, बिजागरी घासत नसली तर.

हे करताना एक गोष्ट विसरली जाते. नुसती वरची पिन पुढे काढली तर मिटलेलं फाटक खटक्याकडे खाली झुकलेलं दिसतं. म्हणून तेवढाच फरक फाटकाच्या अंगाने उलटा द्या. खालच्या कडीचा दांडा वरच्या कडीच्या दांड्यापेक्षा अर्धा इंच लांब ठेवा. मग मिटल्यावर वरचा पाईप पाणसळीत (स्पिरिट लेव्हलवर) बरोबर दिसतो आणि कल तरीही राहतो.

आणि कृपा करून जास्त कल देऊ नका. "जोरात मिटलं पाहिजे, नाहीतर म्हशी शिरतात" म्हणणारे भेटतील. जोरात मिटणारं फाटक तुम्ही पार होत असताना घोड्याच्या मागच्या पायांवर येतं. मग घोडं उसळतं आणि तुम्ही मातीत. अर्ध्या इंचापासून सुरू करा. फाटक अर्ध्यात थांबलं तर आधी पिन साफ करा, मग पाऊण इंचावर जा. पूर्ण उघडलेलं फाटक सावकाश, सात-आठ सेकंद घेत मिटायला हवं. मी त्याहून वेगात येणारं फाटक घोड्यासाठी वापरत नाही.

खटका

कडी-कोयंडा, अडसर, साखळी हे सगळं जमिनीवर उभ्या माणसासाठी आहे. घोडेस्वाराला एका हाताने, न वाकता आणि फाटकावरचा हात न सोडता चालणारा खटका लागतो.

खटक्याच्या बाजूच्या उभ्या पाईपवर जमिनीपासून दोन फुटांवर एक बोल्ट बसवा. त्यावर फिरेल असा पट्टीचा दांडा उभा करा, वरचं टोक पाच फुटांवर. दांड्याला साडेतीन फुटांच्या उंचीवर १६ मिमी सळईचा आडवा खिळा जोडा. तो फाटकातून निघून खांबावरच्या खोबणीत शिरतो. दांडा बिजागरीकडे, म्हणजे स्वतःकडे ओढला की खिळा मागे येतो. हात तीन इंच हलला तर खिळा दीड इंच सरकतो, त्यामुळे जोर निम्माच लागतो. दांडा परत नेण्यासाठी सायकलच्या स्टँडची स्प्रिंग पुरते. मोटरसायकलची लावू नका, ती ओढायला खोगिरातून वाकावं लागतं.

दांडा लांबच का? कारण घोडी सारख्या उंचीची नसतात. मारवाडी जातीचं जनावर खांद्याला पाच फुटांच्या आसपास असतं, भीमथडी जातीचं सव्वाचार फुटांच्या. लांब दांडा ज्याला जिथे हात पोहोचेल तिथे धरता येतो. मोटरसायकलवाल्यालाही तो बसल्या जागी सापडतो, पण तो पठ्ठ्या पुढच्या चाकानेच फाटक ढकलणार, हे गृहीत धरा आणि तळाला रबराची पट्टी मारा.

दांड्याचं वरचं टोक बंद कडीसारखं गोल वळवून घ्या. उघडा आकडा ठेवलात तर लगाम अडकेल, आणि लगाम अडकलेलं घोडं मागे उसळतं. खिळ्याचं टोक गोल घासा. पार होताना दांडा ओढून धरलेलाच ठेवायचा, म्हणजे खिळा आत राहतो आणि घोड्याच्या बरगडीला किंवा तुमच्या पोटरीला ओरखडा येत नाही. कितीतरी लोक दांडा लगेच सोडून देतात आणि मग खिळा बाहेर येतो म्हणून खटक्याला शिव्या घालतात.

खांबावर खोबणीची पट्टी लावा. तिच्या दोन्ही कडा बाहेर वळवलेल्या हव्यात, म्हणजे फाटक कुठूनही आलं तरी खिळा कडेवरून सरकत आत दबतो आणि खोबणीत पडतो. खोबण उभी तीन इंच लांब ठेवा. नेमक्या मापाची गोल भोकं उद्घाटनाच्या दिवशी फार छान दिसतात. पावसाळ्यानंतर फाटक पाव इंच बसलं की त्यात खिळा जात नाही.

बरोबर बसलंय का हे डोळ्याने ठरवू नका. खिळ्याच्या टोकाला ग्रीस चोपडा, फाटक काटकोनात नेऊन सोडा, आणि पट्टीवर डाग कुठे पडला ते बघा. तो खोबणीच्या मधोमध, उंचीला अर्ध्यात हवा. वर असेल तर पट्टी वर घ्या. डाग कडेवर घासून लांब ओढला असेल तर पट्टीचा वाक फार उभा आहे, हातोडीने सपाट करा. दोन्ही बाजूंनी हेच करा. मग आवाज ऐका. एकच "टक्" आला पाहिजे. "खडखड" येत असेल तर खिळा खोबणीवरून उडून परत येतोय, म्हणजे कल जास्त झाला आहे. पट्टीमागे जुन्या टायरचा तुकडा घालायला विसरू नका, लोखंडाचा आवाज कोवळ्या घोड्याला नको.

तळाची जमीन

खुरांनी फाटकात खड्डा पडतो आणि पावसात डबकं होतं. वीतभर खोदून मुरूम आणि जांभ्याचे तुकडे भरा, ठोका. सिमेंट किंवा फरशी घालू नका, नाल मारलेलं घोडं त्यावर घसरतं.

पार होणं

घोडं फाटकाला समांतर उभं करा, तोंड खटक्याच्या खांबाकडे, फाटक तुमच्या उजव्या हाताला, गुडघा दांड्याजवळ. लगाम डाव्या हातात. दांडा ओढा, ढकला, आणि हात न सोडता फाटकाच्या टोकाला वळसा घालून चाला. पलीकडे घोड्याचा मागचा भाग पूर्ण सुटेपर्यंत हात सोडू नका, मग फाटक आपलं आपण येईल. घोड्याला आधी उतरून, दोरीने चालवत दोन-चार दिवस ये-जा करवा.

देखभाल

कणकुंबी-जांबोटीच्या पावसात पिनांना ग्रीस लागतं आणि जीआयशिवाय काही टिकत नाही. अथणीच्या धुळीत ग्रीस म्हणजे माती धरायचं साधन, तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. रात्री कुलूप लावायचं असेल तर साखळी वेगळी, खाली गुडघ्याच्या उंचीवर, खटक्यावर नाही. मृगाचे पहिले दोन पाऊस पडून गेले की पाना घेऊन जा, पाणसळ वरच्या पाईपवर ठेवा आणि कडीचे नट अर्धा-एक फेरा फिरवून फाटक सरळ करा. दिवाळीनंतर माती वाळली की तेच पुन्हा.